ताक्याचं टोक

एडन, ता. १२ ऑगस्ट १९५६

तीर्थरूप रघुदादास लवूचा नमस्कार.

फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढंच मागणं. चौथीत सुटलेल्या हाताला ही पानं लिहायला तीन रविवार लागलेत.

मी एडनला आहे. मेलेलो नाही, जेलात नाही. मनमोहनशेठ म्हणून कापडाचे व्यापारी आहेत, त्यांच्या वखारीत गाठी फोडतो. वखारीच्या माडीवर झोपतो. इथे झाड म्हणून दिसत नाही, नुसते करपलेले डोंगर, आणि त्यांच्या मधल्या वाडग्यात गाव. पाणी विकत. पण हिंदुस्थानी सगळ्यांना कळतं, त्यामुळे माझं तोंड बंद राहिलेलं नाही.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो त्याचा तुला राग आहे, आणि तो असणारच. जॉबरच्या पाया पडून तू मला घडीखात्यात चिकटवलंस आणि मी दोन वर्षांत पळालो. जिन्यात तू बोललास ते अजून कानात आहे. "अख्खं गिरणगाव मुंबईसाठी गोळ्या खातंय, आणि ह्याला बघायचंय कापड कुठे जातं." दादा, ते खरंच होतं. मला तेच बघायचं होतं. रोज शेकडो ताके माझ्या पुढ्यातून जायचे. शिक्का मार, घडी घाल, पुढे ढकल. हेडक्लार्कला विचारलं, हे जातं कुठे? म्हणाला, मार्केटात. मार्केटात जाऊन विचारलं तर म्हणाले, गोदीत. गोदीत वेंगुर्ल्याचा एक खलाशी भेटला, तो म्हणाला, एडनला. आणि पुढे? "पुढचा माका काय ठावक?" म्हणाला. त्याच्या पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आलो.

तर ऐक, कुठे जातं ते. आपल्या गिरणीचा मांजरपाट इथे येतो. पहिली गाठ फोडली आणि खळीचा वास आला तेव्हा मी खाली बसलो. शेठना वाटलं मला ऊन लागलं. इथून कोरं कापड शेख उस्मान गावी निळाऱ्यांकडे जातं. ते त्याला नीळ देतात, पुन्हा पुन्हा बुडवतात, मग लाकडाने कुटून कुटून असं चकाकवतात की तव्याच्या बुडासारखं दिसतं. मग उंटावरून वर डोंगरात. परवा एक माणूस अंगावर ते निळं फडकं घेऊन माझ्या समोरून उंट हाकत गेला. अंगालाही नीळ लागलेली. मी त्याच्या मागे मागे वेशीपर्यंत गेलो. तो वळून म्हणाला, काय पाहिजे? मी म्हटलं, काही नाही, हे कापड आमच्या गल्लीतलं आहे. तो हसला. त्याला वाटलं मी वेडा.

आता माझी एक फुशारकी ऐक. मागच्या आठवड्यात निळाऱ्याने बारा ताके परत पाठवले. कोरे असताना स्वच्छ, पण पहिली नीळ दिल्यावर आडवे पट्टे उठले, एक गडद, एक फिका, वाघाच्या अंगावर असतात तसे. शेठ तापले. मुंबईला तक्रार लिहायला बसले. मी म्हटलं, शेठ, नुसतं लिहून गिरणी ऐकणार नाही. हे टोक बघा. ताक्याच्या टोकाला लाल शाईत नंबर असतो, तो ज्या साच्यावर कापड विणलं त्याचा. गिरणीत रजिस्टर उघडलं की दोन मिनिटांत माणूस सापडतो. मी वरच्या ताक्याचं टोक काढून दिलं, शेठनी ते पत्राला टाचून पाठवलं. इथल्या मुनीमजींना वीस वर्षांत हे ठाऊक नव्हतं. शेठ म्हणाले, "हा छोकरा कापड वाचतो." त्या दिवशी मला वखारीच्या किल्ल्या मिळाल्या.

नंबर होता तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्यावर आपला तपकिरवाला दगडू असायचा ना? तो जेठात गावी जाणार म्हणत होता. आता तिथे कोण आहे? मला उगाच जाणून घ्यायचंय.

वहिनींना नमस्कार. आपल्याकडच्या सभांचं खलाशांकडून कळतं, पण शिळं कळतं. तू लिहिलंस तर ताजं कळेल.

तुझा लवू


एडन, ता. ३० सप्टेंबर १९५६

सौ. कमलवहिनींस लवूचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. तुम्ही सांगता ते लिहून घेणाऱ्या पद्मजाबाईंचं अक्षर छान आहे, त्यांना सांगा. मध्येच त्यांनी कंसात "हे कमलताईंचे शब्द जसेच्या तसे, मी फक्त शुद्ध केले" असं लिहिलंय. अशुद्ध चाललं असतं.

पत्र मी चार वेळा वाचलं. दादाला कामावरून बसवलं. गणपती बोळवून दादा आला आणि दुसऱ्या दिवशी साच्यापाशी जॉबर उभा. दगडू जेठाची वाट न बघता आधीच गावी गेला आणि चैतातच दादाला तीनशे अठ्ठ्याऐंशीवर टाकलं होतं, हे मला कुणी सांगणार कसं? परदेशातून तक्रार आली, टोकावर नंबर होता, मॅनेजरनी टोक टेबलावर टाकलं आणि म्हणाले, हा तुमच्या हाताचा दोष. दादा म्हणाला, माझ्या हाताचा नाही. मॅनेजर म्हणाले, मोर्चात हात वर करून करून सवय गेली असेल कामाची. असं म्हणाले का खरंच? का पद्मजाबाईंनी शुद्ध केलंय?

बारा वर्षांत दादाच्या कापडावर कधी डाग नाही. रजिस्टर काढून बघा म्हणावं.

चौकशी माघात आहे म्हणता. तोवर तुमच्या एकटीच्या हजेरीवर घर. वहिनी, तुम्ही कांडीखात्यात सकाळी जाता, तेव्हा दादा काय करतो? गॅलरीत बसतो असं तुम्ही लिहिलंय. मला तो बसलेला डोळ्यांसमोर येत नाही.

एक गोष्ट. माझं ऑगस्टातलं पाकीट दादाने न फोडता देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलंय असं तुम्ही लिहिलंय. ते फोडू नका. त्याच्याकडे देऊ नका. त्यात काही नाही, माझी पोकळ बढाई आहे, इकडच्या उंटांची वगैरे. त्याला आत्ता वाचायला बरं वाटणार नाही. चुलीत घाला. मी विचारलं म्हणून सांगू नका. कारणही विचारू नका.

पाकिटावरचा वखारीचा पत्ता बघून तुम्ही विचारलंय, "तू तिथे कापडातच आहेस, ही तक्रार कुठल्या शेठची, काही कळतं का?" एडनमध्ये कापडाचे शेठ पुष्कळ आहेत.

पण एक मात्र सकाळपासून डोक्यात फिरतंय. माझ्या ओळखीच्या एका वखारीत असेच पट्ट्यांचे ताके परत आले होते. ते एक नव्हते, बारा होते. टोक एकाचंच काढलं. बाकीच्या अकरांवर कुठले नंबर आहेत ते कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांवर तीनशे अठ्ठ्याऐंशी असेल तर दादाचं कठीण आहे. नसेल तर? उद्या वखार उघडली की आधी तेच बघतो.

लवू


एडन, ता. १४ ऑक्टोबर १९५६

सौ. कमलवहिनींस नमस्कार.

अकरा ताक्यांवर अकरा नंबर आहेत. ४०, ११२, ११५, २०९, ३९१ आणि असेच. एकही दोनदा नाही. सगळ्यांवर तेच पट्टे. बारा विणकरांचा हात एकाच आठवड्यात एकसारखा बिघडला असं कोण म्हणेल?

म्हणजे हाताचा दोष नाही. मग कशाचा? वहिनी, मला रात्रंदिवस दुसरं सुचत नाही. आधी वाटलं निळाऱ्याचीच लबाडी. म्हणून रविवारी शेख उस्मानला गेलो. सालेह म्हणून म्हातारा आहे, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, नखं तर काळीच. मला बघून त्याने आधीच सुरुवात केली.

"मुंबईवाला. तुमचं कापड पाण्यात जाईपर्यंत सभ्य असतं."

मी म्हटलं, "चाचा, तुझी नीळ पातळ असेल."

"माझ्या निळीत बसून माझा बाप म्हातारा झाला. तू किती वर्षांचा?"

मग त्याने चहा पाजला, वेलची घातलेला, बिनदुधाचा, आणि मी नेलेल्या चिंधीतून दोन आडवे धागे काढले. एक गडद पट्ट्यातला, एक फिक्या पट्ट्यातला. दोन्ही उलटे पिळून उकलले आणि तळहातावर फुंकले. मी बघतच राहिलो. गडद धाग्याचा कापूस लांब, मऊ, बोटाला चिकटणारा. फिक्याचा आखूड, न्हाव्याच्या दुकानात खाली पडलेला असतो तसा. म्हातारा म्हणाला, "कापूस दोन आहेत. एकाने नीळ प्यायली, दुसऱ्याने नुसती चाटली. विणणाऱ्याला शिव्या देऊ नको. त्याला जे सूत दिलं ते त्याने विणलं."

वहिनी, मी दोन वर्षं कापडावर शिक्के मारले आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं नंबर वाचला म्हणजे कापड वाचलं.

आता पुढचं मला इथून दिसत नाही, ते तुमच्याकडे आहे. गिरणीत मांजरपाटाचं चांगलं सूत हिरव्या बुडाच्या कांडीवर भरतात आणि जाड्याभरड्याचं हलकं सूत पिवळ्या बुडाच्या. बरोबर ना? बुडाला रंग दिलेला असतो तो याचसाठी की कुणी घोळ करू नये. विणकर बूड हिरवं बघतो, कांडी धोट्यात घालतो, साचा चालू करतो. आतलं सूत कुठल्या कापसाचं ते त्याला कसं कळणार? कोरं तर दोन्ही सारखंच पांढरं. मग हिरव्या कांडीवर पिवळ्याचं सूत कुणी भरलं? हे ताके वैशाखातले आहेत, शिक्क्यावर महिना आहे.

कांड्या तुमच्याच खात्यात भरतात. वैशाखात तिथे काय झालं होतं, आठवतं का? मी कुणावर ठपका ठेवत नाही. मला फक्त माहीत करून घ्यायचंय.

मनमोहनशेठना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "तुम्ही लोक मुंबई मागताय. आधी मुंबईचं सूत तरी एकसारखं करा." पण अकरा टोकं काढून घ्यायला त्यांनी ना म्हटलं नाही.

"ओळखीच्या एका वखारीत" असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ती आमचीच वखार.

लवू


एडन, ता. २८ ऑक्टोबर १९५६

रघुदादास नमस्कार. पाकीट तू फोडत नाहीस म्हणून हे उघडं कार्ड. पोस्टमन वाचेल, चाळ वाचेल, वाचू दे. तीनशे अठ्ठ्याऐंशीचं टोक कापून शेठला मी दिलं. साच्यावर तू आहेस हे ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी होतंच, आणि कोण याचा मी विचार केला नाही. वहिनींना मी पहिलं पत्र जाळायला सांगितलं ते यासाठी. ते जाळलं नसेल तर फोड. दोष सुताचा आहे, तुझा नाही. बाकी वहिनींच्या पत्रात आहे. लवू.


एडन, ता. २ डिसेंबर १९५६

सौ. कमलवहिनींस नमस्कार.

कालवा बंद पडल्यापासून बंदर ओकंबोकं आहे. विलायतेकडून बोटी येत नाहीत, मुंबईची मात्र येते. तिनेच तुमचं पत्र आणलं. या वेळी कंसातलं काही नाही. पद्मजाबाईही गप्प झालेल्या दिसतात.

तुम्ही लिहिलंय ते मी माझ्या शब्दांत पुन्हा लिहितो, चुकलं तर सांगा. वैशाखात हिरव्याचं सूत कमी पडलं. खात्याचे मास्तर म्हणाले, साचे बंद पडता कामा नयेत, पिवळ्याचं सूत घ्या आणि हिरव्या कांड्यांवर भरा. एका बाईने विचारलं, मास्तर, रंग वेगळा आहे. मास्तर म्हणाले, रंग बुडाला आहे, सुताला नाही. तुम्ही बायकांनी आठ दिवस भरलं. नवव्या दिवशी नेहमीचं सूत आलं आणि तुम्ही विसरून गेलात.

आणि पुढे तुम्ही एक ओळ लिहिली आहे. "ह्यांच्या टोपलीत गेलेल्या कांड्या मीच भरलेल्या असतील, नंतर ह्यांनीच त्या धोट्यात घातल्या, आणि घरी येऊन आम्ही एकमेकांशी सुताबद्दल कधी बोललोच नाही." म्हणजे बघा, मी इथून निघालो, निळाऱ्याकडे गेलो, धागा उकलला, साचा ओलांडला, कांडीपाशी पोचलो, आणि तिथे तुम्ही बसलेल्या.

तुम्ही विचारलंय, "चौकशीत हे बोलू का?" आणि लगेच लिहिलंय की मास्तर म्हणतील बायकांनी आपल्या मनाने भरलं, चिठ्ठी थोडीच आहे. मग दादा सुटेल आणि तुम्ही अडकाल, तुमच्याबरोबर सहा बायका. दोघांचंही काम गेलं तर खोली सोडून गावची वाट धरावी लागेल. दादाला तुम्ही अजून सांगितलेलं नाही. कार्ड वाचून त्याने ते खिशात ठेवलं, असं तुम्ही लिहिलंय.

वहिनी, मी तुम्हाला बोला असं सांगणार नाही. न बोला असंही नाही. लांब बसून मी एकदा बोललो आहे, त्याचं काय झालं ते तुम्ही बघताच. मला वाटलं होतं नंबर म्हणजे माणूस. आता मला कांडी म्हणजे बाई असं करायचं नाही. मास्तरांच्या वरही कुणीतरी असेल, ज्याने चांगला कापूस कमी मागवला. त्याचा नंबर कशावरच छापलेला नाही.

मला जे करता येतं ते केलंय. सोबत पुडकं आहे. अकरा टोकं, नीळ दिलेली, प्रत्येकाला नंबर. पट्टे दिसतात. बरोबर सालेहने उकललेले दोन धागे एका कागदात चिकटवलेत, एक लांब कापसाचा, एक आखूड. शेठनी इंग्रजीत दोन ओळी लिहून सही केली आहे की बारा ताके बारा साच्यांचे होते आणि तक्रार एकाच्याच नावावर गेली ती त्यांच्या माणसाच्या चुकीने. "त्यांचा माणूस" म्हणजे मी. मी माझं नाव लिहा म्हटलं. शेठ म्हणाले, गिरणीत परत जायचं असेल तर नाव लिहून घेऊ नको, घडीखात्यात पुन्हा कुणी उभं करणार नाही. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं. स्पेलिंग मला तपासता आलं नाही.

नुसती टोकं दाखवली तरी दादाचा हात सुटेल, असं इथल्या मुनीमजींचं मत. सूत कुठून आलं हे गिरणीने शोधावं. कांड्यांचं बोलायचं की नाही ते तुमच्या बायकांनी मिळून ठरवा. दादालाही विचारा. एवढं मात्र ऐका, पुडकं हातात धरताना पदर सांभाळा. ही नीळ अंगाला लागते.

लवू


एडन, ता. ७ एप्रिल १९५७

तीर्थरूप रघुदादास लवूचा नमस्कार.

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी मी ते खिशात ठेवलं आणि अर्धा दिवस फोडलं नाही. म्हटलं, आपणही बघू कसं वाटतं. मग दुपारी वखारीत गाठीवर बसून वाचलं.

वहिनींनी चौकशीचं आधीच कळवलं होतं. पण त्यांच्या पत्रात पद्मजाबाई असतात, त्यामुळे सगळे जण पुस्तकासारखे बोलतात. तुझ्या पत्रातून खरं ऐकलं. मॅनेजरच्या टेबलावर तू एकेक टोक मांडत गेलास, आणि मॅनेजर उचलून उचलून बघत होते, आणि मग घाम पुसायला हात कपाळाला लावला. तू लिहितोस, "साहेबांचं अर्धं डोकं निळं झालं, युनियनचा माणूस हसू दाबायला खोकत बाहेर गेला." आणि तेवढ्यात दार उघडून सात बायका आत. कुणी बोलावलं नव्हतं. पुढे वहिनी, हातात हिरव्या कांड्यांची टोपली. मास्तर म्हणाले, ह्यांना हे कुणी शिकवलं? वहिनी म्हणाल्या, "शिकवायला काय आहे मास्तर, पंधरा वर्षं भरतोय. आठ दिवस पिवळं भरा म्हणालात तेव्हा तुम्हीच उभे होतात, पान खात होतात, आमच्या टोपलीत थुंकलात, लक्ष्मीने हटकलं." सातही जणींनी तेच सांगितलं. एकीला बसवलं तर सातही बसतील, असं लक्ष्मी म्हणाली. सात कांडीवाल्या बसल्या तर साचे किती तास चालतात ते मॅनेजरना ठाऊक होतं.

तू परत कामावर गेलास. बसवलेले दिवस गेले ते गेले. मास्तरांना कुणी काही बोललं नाही. जॉबर वहिनींशी बोलत नाही आणि त्यांना बरं वाटतं. हे सगळं कळलं.

जे कळलं नव्हतं ते तुझ्या पत्रात होतं. तू लिहितोस की मॅनेजरने पहिल्या दिवशी टोक टेबलावर टाकलं तेव्हाच तुला समजलं. दोन बोटं कातर चालवून चीर दिलेली आणि पुढे सरळ हाताने फाडलेलं. "व्यापारी कातरीने शेवटपर्यंत कापतो. असं फाडतात फक्त घडीखात्यात. एडनमध्ये घडीखात्यातला माणूस किती?" दादा, मी बाराही टोकं तशीच फाडली होती. मला दुसरी रीत येतच नाही. मी दुसऱ्यांच्या खुणा वाचत सुटलो होतो, आणि माझी खूण मी स्वतः टपालात टाकली.

आणि तरी तू कुणाला बोलला नाहीस. वहिनींनाही नाही. "पाकीट आधी रागाने फोडलं नाही. टोक पाहिल्यावर शहाणपणाने फोडलं नाही. साहेब विचारणार, कुणी पाठवलं ठाऊक आहे का. मला खोटं बोलता येत नाही. फोडलं नसेल तर ठाऊक नाही म्हणता येतं. घराण्यातला माणूस गिरणीत नाव घालवून बसला असता. आणि तू कार्ड पाठवलंस. पोस्टमनने खालच्या चौकात मोठ्याने वाचलं. गाढवा." ते गाढवा मी तीनदा वाचलं. एक वर्ष झालं तुझ्या तोंडून काही ऐकून.

जॉबर तुला म्हणाला, भावानेच भावाला पकडून दिलं. तू म्हणालास, "माझा भाऊ नंबर वाचत होता. सूत वाचायला तुम्हाला ठेवलंय." हे तू खरंच म्हणालास का? असशील. पद्मजाबाई तिथे नव्हत्या.

तू विचारलंयस, कधी येणार. निवडणुकीत गिरणगावाने काय केलं ते इथेही पोचलं. शेठ म्हणाले, "मुंबई घेतलीत वाटतं." मी म्हटलं, अजून नाही, पण आता मागतोय ते तुम्हाला ऐकू यायला लागलंय. ते हसले. त्यांचंही घर मुंबईतच आहे. यायचं आहे दादा, पण घडीखातं आता मला घेणार नाही, माझं नाव शेठच्या चिठ्ठीत आहे. दुसरं काय करता येईल ते मला अजून माहीत नाही. सालेह म्हणतो, नीळ शिक. शिकतो आहे थोडी. माझी नखं बघून वहिनी जेवायला वाढणार नाहीत.

एक गोष्ट सांगून थांबतो. काल नवी गाठ आली, आपल्याच गिरणीची. पट्ट्या तोडल्या, वरचा ताका उचलला, सवयीने टोक बघितलं. नंबर नाही. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांची टोकं गिरणीतच कापून टाकलेली, कातरीने, शेवटपर्यंत, सरळ. मुनीमजी म्हणाले, शहाणे झाले तुझे गिरणीवाले. आता कुणी तक्रार केली तर सापडणार कोण? मी म्हटलं, तेच, आता कुणीच नाही. सूत देणारा तर आधीही नव्हता सापडत.

बावीस ताके आहेत. माघानंतरचे, म्हणजे तू परत साच्यावर आल्यावरचे त्यातले काही असतील. मी एकेक उलगडून उजेडात धरला, किनार बघितली, नाकाला लावला. सगळ्यांना सारखाच खळीचा वास. यातला तुझा कोणता, मला सांगता आलं नाही. म्हणून बावीसच्या बावीस हळू हाताने घडी घालून ठेवले.

तुझा
लवू